मुठीचे तांदूळ

दर शनिवारी मी पोतं घेऊन निघते,
चर्चच्या पायथ्याच्या घरापासून वर पाण्याच्या टाकीपर्यंत,
एकोणचाळीस घरं, एकोणचाळीस डबे.
आमच्या मिझो डोंगरांत रीत आहे:
आधण उकळलं की तांदूळ वैरण्याआधी
मूठभर बाजूला काढायचे.
सकाळी एक मूठ, दिवस मावळताना एक.
ती देवाची.

मला मुठी ओळखू येतात.
थनपारीची सैल, निम्मी बोटांतून सांडते
आणि ती कोंबड्यांची होते.
न्गुरीची घट्ट, पण डब्यात कणीच जास्त.
कणीचाही भात होतो, असं ती म्हणते,
मी वाद घालत नाही.
ज्या घरात पोरांकडून मूठ टाकून घेतात
तिथे डब्यात एखादी गोटी सापडते.
सगळं एकाच पोत्यात जातं,
लाल, पांढरा, जुना, नवा,
आणि दोन घरं पुढे गेल्यावर कुणाचा कुठला
ते मलाही सांगता येत नाही.

पी ह्लिमपुईचा मुलगा फेब्रुवारीत गेला.
सुईने गेला, असं आम्ही म्हणत नाही,
'तापाने' म्हणतो, आणि ती आमच्याकडे नुसती बघते.
त्यानंतर अकरा शनिवार
तिने दार उघडलं, "डबा रिकामा आहे" म्हणाली,
दार लावलं.
वहीत तिच्या नावापुढे मी काही लिहिलं नाही.
शून्यसुद्धा नाही.
पाळक म्हणाले, काही दिवस ते घर सोड.
मला जमलं नाही. भक्ती म्हणून नव्हे;
वर जायची वाटच तिच्या अंगणातून आहे.

बाराव्या शनिवारी तिने मला आत घेतलं.
चुलीमागून डबा काढला, दोन्ही हातांनी,
तान्हं मूल उचलावं तसा.
काठोकाठ भरलेला.
"हा त्याचा वाटा," ती म्हणाली.
"हात ऐकत नाही गं. अजून दोघांचेच तांदूळ घेतो.
मग त्याचे परत काढून ठेवत गेले.
तुझ्या देवाला द्यायचे नव्हते.
त्याने आधीच घेतलंय."

झाकण निघालं. पोरकिडे.
झाकली मूठ सव्वा लाखाची, असेल,
झाकलेले तांदूळ मात्र किड्यांचे.
मी तिचं जुनं पुआन अंगणात अंथरलं
आणि आम्ही दोघी उन्हात बसून
दाणे पसरत राहिलो.
किडे काठापर्यंत चालत आले,
काठावर जरा थांबले,
गवतात गेले.

मला उपदेश करता येत नाही.
वीस वर्षं ऐकले, तरी येत नाही.
सांगावंसं वाटलं होतं की
ज्याच्यावर तू रागावलीस
त्याचाही एकुलता एक भर तारुण्यात गेला होता,
लोकांच्या डोळ्यांदेखत,
आणि हात ऐकत नाही म्हणजे काय
ते त्याला ठाऊक असेल.
पण तोंडातून एवढंच आलं:
"त्या कोपऱ्यात ऊन चांगलं आहे."

त्या आठवड्यात तिआऊ नदीपलीकडून आलेलं एक कुटुंब
शाळेच्या व्हरांड्यात उतरलं होतं,
पाच माणसं, एक पातेलं.
ते तांदूळ त्यांच्याकडे गेले.
त्यांचा मोठा पोरगा तिसऱ्यांदा भात मागत होता,
हे मी पी ह्लिमपुईला सांगितलं
आणि लगेच वाटलं, सांगायला नको होतं.
ती बराच वेळ चुलीतलं लाकूड पुढे-मागे करत राहिली.
मग म्हणाली, "मीठ आहे का त्यांच्याकडे?"

उपासनेत ती अजून गात नाही.
ढोल सुरू झाला की सगळे उठतात,
ती मागच्या बाकावर तशीच, ओठ मिटून.
काल तिचा डबा हातात घेतला:
तळाशी चिमूटभर, मूठही नाही.
वहीत मी लिहिलं, मिळाले,
पोतं खांद्यावर घेतलं
आणि तिच्या अंगणातून वर चढू लागले.